नाव आणि पत्ता : अभ्यासिकेच्या संगणक-जाळ्याची दोन चाके

(मंडळाच्या सभागृहात अभ्यासिकेचे कार्यकर्ते व पालक यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय वाचून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. डीएनएस आणि डीएचसीपी ही दोन नावे ऐकायला रुक्ष आहेत, हे मी मान्य करतो. परंतु ज्या घरातील मुलगा किंवा मुलगी शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा अथवा स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी अभ्यासिकेत येऊन बसते, त्या प्रत्येक घराशी या विषयाचा संबंध आहे. अर्जाचा शेवटचा दिवस असावा, संध्याकाळचे सात वाजलेले असावेत, आणि पडद्यावर 'पान उघडू शकत नाही' एवढेच दिसावे! अशा वेळी कोणी म्हणतो तार सुटली, कोणी म्हणतो कंपनीचीच लाईन बंद आहे, आणि मग तंत्रज्ञाला फोन लावला जातो. तो येईपर्यंत रात्रीचे बारा वाजून मुदत संपलेली असते. एका मुलाचे एक वर्ष असे वाया जाऊ शकते. पुष्कळदा तारही शाबूत असते आणि लाईनही चालू असते. बिघडलेली असते ती या दोहोंपैकी एक सेवा, आणि ती दहा मिनिटांत दुरुस्त होण्यासारखी असते. म्हणून आपल्यापैकी निदान चार-पाच जणांना हे ज्ञान असलेच पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

प्रथम मूळ कल्पना समजून घेऊ. पोस्टमनला पत्र पोहोचवायचे तर पत्ता लागतो. संगणकांचेही तसेच आहे. जाळ्यातील प्रत्येक संगणकाला, छपाईयंत्राला आणि मोबाईल फोनला चार आकड्यांचा एक पत्ता असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.२५. यातील प्रत्येक आकडा शून्यापासून २५५ पर्यंत असू शकतो. या पद्धतीने सगळ्या जगात मिळून ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ एवढेच पत्ते होतात. जगाच्या लोकसंख्येला ते पुरणारे नाहीत. म्हणून १९९६ च्या फेब्रुवारीत असे ठरविण्यात आले की काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवावेत. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांपैकीच आहेत. ते आपल्या अभ्यासिकेत वापरले जातील आणि दुसऱ्या गावच्या शाळेतही वापरले जातील. एकाच क्रमांकाची खोली प्रत्येक चाळीत असते, तसेच हे आहे. बाहेरच्या जगात जाताना आपला राऊटर सर्वांच्या वतीने स्वतःचा एकच पत्ता पुढे करतो.

आता प्रश्न येतो की हे पत्ते वाटायचे कोणी? पूर्वी तंत्रज्ञ प्रत्येक संगणकासमोर बसून हाताने पत्ता लिहीत असे. दोन संगणकांना चुकून एकच पत्ता दिला गेला की दोघेही अडखळत. हे काम आपोआप व्हावे म्हणून डीएचसीपी ही पद्धत आली. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठात संगणकशास्त्र शिकविणारे राल्फ ड्रोम्स यांच्या नावे तिचा पहिला मसुदा ऑक्टोबर १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि मार्च १९९७ मध्ये तिला आजचे स्वरूप मिळाले.

तिचे काम चार पायऱ्यांनी होते. नवा संगणक चालू झाला की तो जाळ्यात मोठ्याने विचारतो, 'पत्ता देणारे कोणी आहे का?' हा झाला शोध. पत्ता देणारा सर्व्हर उत्तर देतो, 'अमुक पत्ता मोकळा आहे, हवा का?' हा झाला देकार. संगणक म्हणतो, 'होय, तोच द्या.' ही मागणी. सर्व्हर म्हणतो, 'दिला, अमुक तासांसाठी.' ही मान्यता. पत्त्याबरोबरच बाहेर जाण्याचा दरवाजा कोणता, म्हणजे राऊटरचा पत्ता, आणि नावे कोणाला विचारावीत, म्हणजे डीएनएस सर्व्हरचा पत्ता, या दोन गोष्टीही सर्व्हर सांगून टाकतो.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पत्ता कायमचा दिला जात नाही, तो मुदतीने दिला जातो. निम्मी मुदत संपली की संगणक त्याच सर्व्हरकडे मुदतवाढ मागतो. उत्तर आले नाही तर सात-अष्टमांश मुदत उलटल्यावर तो जाळ्यातील कोणत्याही सर्व्हरला विचारू लागतो. त्यामुळे पत्ता देणारा सर्व्हर बंद पडला तरी सगळे संगणक एकदम बंद पडत नाहीत. ज्यांच्याकडे आधीचा पत्ता आहे ते चालू राहतात आणि नव्याने आलेले अडतात. 'त्याचा चालतो, माझा का नाही?' या नेहमीच्या तक्रारीचे हे एक कारण आहे.

आता नावाकडे वळू. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. या नावांचे रूपांतर पत्त्यांत करण्याचे काम डीएनएस करते. आरंभी जाळ्यातील सर्व संगणकांची नावे एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखाली ठेवली जाई, आणि सर्वांनी ती तेथून उतरवून घ्यायची अशी व्यवस्था होती. संगणक वाढले तशी ही यादी सांभाळणे अशक्य होऊ लागले. तेव्हा १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी वेगळा मार्ग सुचविला. त्यांचे म्हणणे असे की एकच मोठी यादी ठेवू नये, प्रत्येकाने आपल्या हाताखालची नावे आपण सांभाळावीत. वरच्या पायरीवरच्याने फक्त खालच्या पायरीवर कोण आहे एवढेच सांगावे. पुढच्याच वर्षी, १९८४ मध्ये, बर्कले विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांनी याच कल्पनेवर 'बाइंड' नावाचा कार्यक्रम लिहिला, आणि तो आजही जगभर वापरात आहे. विद्यार्थ्यांच्या हातून किती मोठे काम होऊ शकते याचे हे उदाहरण येथे बसलेल्या तरुणांनी लक्षात ठेवावे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. २०१४ पासून तर 'डॉट भारत' अशी देवनागरीतील नावेही घेता येतात. आतल्या आत ती रोमन अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलली जातात. वापरणाऱ्याला मात्र आपलीच लिपी दिसते.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. समजा, एखाद्या अभ्यासिकेत बारा संगणक आहेत, एक छपाईयंत्र आहे, जुन्या प्रश्नपत्रिका व नोट्स साठविलेला एक सर्व्हर आहे आणि संध्याकाळी साठ-सत्तर मोबाईल फोन येतात. सर्वांत आधी एक वही घ्यावी आणि पत्त्यांची विभागणी लिहून काढावी. संगणकाला हात नंतर लावावा. माझी सूचना अशी : १९२.१६८.१० ही मालिका घ्यावी. शेवटचा आकडा १ राऊटरला, २ सर्व्हरला, ५ छपाईयंत्राला द्यावा. ४९ पर्यंतचे आकडे अशा कायम वस्तूंसाठी राखावेत. १०० ते १९९ हे शंभर पत्ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटावेत. बाकीचे पुढील वाढीसाठी शिल्लक ठेवावेत. एका मालिकेत वापरण्याजोगे २५४ पत्ते असतात, त्यामुळे टंचाई पडणार नाही. बाजारातील अनेक राऊटर ० किंवा १ क्रमांकाची मालिका घेऊन येतात. आपण मुद्दाम १० घेतली तर परका राऊटर जाळ्यात शिरल्यास तो लगेच ओळखू येतो. मी आपल्या अंकांत बोलत असलो तरी यंत्रात हे आकडे इंग्रजी अंकांतच लिहावयाचे आहेत.

दुसरा प्रश्न असा की या सेवा कोठे चालवाव्यात? केवळ इंटरनेट वापरायचे असेल तर राऊटरमध्येच दोन्ही सेवा असतात आणि त्या पुरेशा आहेत. विनाकारण खटाटोप करू नये. परंतु प्रश्नपत्रिकांचा सर्व्हर, छपाईयंत्र यांना नावाने हाक मारावयाची असेल आणि कोणाला कोणता पत्ता मिळाला याची नोंद हवी असेल, तर लिनक्सवर चालणारा 'डीएनएसमॅस्क' हा विनामूल्य कार्यक्रम उत्तम आहे. सायमन केली यांनी तो लिहिला. दोन्ही सेवा तो एकटा सांभाळतो आणि जुन्या, अडगळीत पडलेल्या संगणकावरही चालतो. अट एकच, तो संगणक सतत चालू राहिला पाहिजे. वीज जाण्याचा त्रास असेल तेथे त्याला आणि राऊटरला बॅटरीचा आधार द्यावा.

मांडणीचा क्रम असा ठेवावा. पहिले, सर्व्हरला स्वतःचा पत्ता हाताने, कायमचा द्यावा. जो इतरांना पत्ते वाटतो त्याने स्वतः दुसऱ्याकडे मागून चालणार नाही. दुसरे, डीएनएसमॅस्कच्या फाईलमध्ये कोणत्या नेटवर्क कार्डावर ऐकायचे ते लिहावे. तिसरे, वाटपाची मर्यादा १०० ते १९९ आणि मुदत लिहावी. चौथे, बाहेरचा दरवाजा म्हणून राऊटरचा पत्ता स्पष्ट लिहावा. हे अनेक जण विसरतात. न लिहिल्यास डीएनएसमॅस्क स्वतःलाच दरवाजा म्हणून सांगतो, आणि मग पत्ता मिळूनही बाहेर जाता येत नाही. पाचवे, छपाईयंत्रासारख्या वस्तूंच्या कार्डाचा क्रमांक पाहून त्यांच्या नावे पत्ता राखून ठेवावा. सहावे, बाहेरची नावे कोणाला विचारावयाची त्या वरच्या सर्व्हरचे पत्ते द्यावेत. सातवे, आतल्या जाळ्याचे आडनाव ठरवावे. त्यासाठी 'डॉट इंटर्नल' हे २०२४ मध्ये खाजगी वापराकरिता राखून ठेवलेले नाव घ्यावे. 'डॉट लोकल' घेऊ नये, कारण ते दुसऱ्या एका पद्धतीसाठी आधीच राखलेले आहे आणि त्यामुळे गोंधळ होतो. लिहून झाले की फाईल तपासण्याची आज्ञा डीएनएसमॅस्कमध्येच आहे, ती चालवावी. उबंटू वापरत असाल तर नावे शोधणारी त्याची स्वतःची सेवा ५३ क्रमांकाच्या दारावर आधीच बसलेली असते. ती जागा मोकळी केल्याशिवाय आपला सर्व्हर सुरू होणार नाही, हेही पाहावे.

आठवी आणि सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे नवा सर्व्हर सुरू करण्याआधी राऊटरमधील डीएचसीपी बंद करणे. आपल्याकडे म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी! जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे झाले की संगणक ज्याचा देकार आधी आला तो स्वीकारतो. काहींना खरा दरवाजा मिळतो, काहींना खोटा. सकाळी चालणारा संगणक दुपारी बंद पडतो आणि कोणालाच कारण सापडत नाही. हा प्रकार पुष्कळदा अगदी निष्पापपणे घडतो. कोणी तरी वायफाय सर्वत्र पोहोचावे म्हणून घरचा जुना राऊटर आणून जोडतो, आणि तोही पत्ते वाटू लागतो. म्हणून 'विचारल्याशिवाय कोणतेही यंत्र जोडू नये' हा नियम भिंतीवर लावावा.

मुदत किती ठेवावी? संगणक नेहमीचे असतील तर बारा तास चांगले. परंतु फोन पुष्कळ येत असतील तर दोन तासच ठेवावी. दुपारी येऊन गेलेल्या फोनच्या नावावर पत्ता रात्रीपर्यंत अडकून पडला तर संध्याकाळी येणाऱ्यास मिळणार नाही. शिवाय अलीकडचे फोन खाजगीपणा जपण्यासाठी आपल्या कार्डाचा खरा क्रमांक न दाखवता बनविलेला क्रमांक दाखवतात. म्हणून फोनसाठी पत्ता राखण्याच्या भानगडीत पडू नये.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ लोक डीएनएससाठी पहिला पत्ता आपल्या सर्व्हरचा आणि दुसरा ८.८.८.८ असा बाहेरच्या सर्व्हरचा देतात. पहिला बंद पडला तरच दुसरा वापरला जाईल, अशी त्यांची समजूत असते. प्रत्यक्षात संगणक दोहोंपैकी कोणालाही विचारू शकतो. बाहेरच्या सर्व्हरला आपल्या छपाईयंत्राचे नाव कोठून माहीत असणार? तो 'असे नाव नाही' म्हणून सांगतो आणि छपाई थांबते. संगणकांना आपल्या सर्व्हरचाच पत्ता द्यावा. बाहेरचे पत्ते सर्व्हरच्या फाईलमध्ये असावेत.

बंधूंनो, आता मी ज्या मुद्द्याकडे आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो तो विश्वासाचा आहे. पत्ता देणारा जे सांगेल ते संगणक निमूटपणे मानतो. नाव सांगणारा ज्या घराकडे बोट दाखवील तिकडे तो जातो. हा विश्वास जगात एकदा मोठ्या प्रमाणावर लुटला गेला आहे. 'डीएनएसचेंजर' नावाच्या अपायकारक कार्यक्रमाने शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणकांमध्ये नावे विचारण्याचा पत्ता बदलून टाकला होता. संगणकाचा मालक नेहमीचेच नाव लिहीत असे, पण त्याला नेले जाई ते ठकांच्या मर्जीने. एवढेच नव्हे, तर ज्या लहान कार्यालयांत राऊटरचा परवलीचा शब्द कारखान्यातून आला तसाच ठेवलेला होता, तेथे राऊटरच्या आत शिरून डीएचसीपीमधूनच खोटा पत्ता वाटण्याचा प्रयत्न हा कार्यक्रम करी. म्हणजे त्या जाळ्यातील निरोगी संगणकही फसला जाई. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास यंत्रणेने हे प्रकरण उघडकीस आणले आणि एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. पण ठकांचे सर्व्हर एकदम बंद केले असते तर लक्षावधी लोकांचे इंटरनेटच थांबले असते. म्हणून न्यायालयाच्या आदेशाने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसविण्यात आले आणि ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालविले गेले.

यातून आपण तीन धडे घ्यावेत. राऊटरचा मूळ परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा. नावे विचारण्याचा पत्ता आपण लिहिला होता तोच आहे ना, हे महिन्यातून एकदा पडताळून पाहावे. आणि सर्व्हर ज्या खोलीत आहे तिला कुलूप असावे.

मोठ्यांनाही या सेवेशिवाय चालत नाही, हे ४ ऑक्टोबर २०२१ रोजी जगाने पाहिले. फेसबुक कंपनीच्या जाळ्यातील एका बिघाडाने तिच्या नावांचे उत्तर देणारे सर्व्हर बाहेरच्या जगाला दिसेनासे झाले. सुमारे सहा तास फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद होते. यंत्रे जागेवर होती; त्यांच्यापर्यंत जाण्याची वाट सांगणारा कोणी उरला नव्हता.

बिघाड झाल्यास काय करावे, हे आता थोडक्यात सांगतो. कार्यकर्त्यांनी हे लिहून घ्यावे. पहिल्यांदा तार आणि दिवे पाहावेत. नंतर विंडोजच्या संगणकावर 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा देऊन आपला पत्ता वाचावा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पत्ता देणारा सापडलेला नाही. सर्व्हर किंवा मधली तार पाहावी. पत्ता १९२.१६८.० किंवा १९२.१६८.१ अशा परक्या मालिकेतला असेल तर कोणी तरी दुसरा राऊटर जोडलेला आहे; तो शोधून काढावा. पत्ता बरोबर असेल तर 'पिंग' आज्ञेने राऊटरला हाक मारावी. उत्तर आले तर ८.८.८.८ ला हाक मारावी. तेथूनही उत्तर आले आणि तरी पान उघडत नसेल, तर लाईन चालू आहे व दोष नावे सांगणाऱ्या सेवेत आहे, असे बहुतेक खात्रीने समजावे. मग 'एनएसलुकअप' आज्ञेने नाव विचारून पाहावे आणि डीएनएसमॅस्क पुन्हा सुरू करावा. अर्जाची मुदत संपत आली असेल तर तेवढ्या एका संगणकावर बाहेरच्या डीएनएसचा पत्ता हाताने लिहून मुलाचा अर्ज आधी पाठवावा, दुरुस्ती नंतर करावी. काम झाल्यावर तो पत्ता काढून टाकण्यास मात्र विसरू नये.

जाता जाता एक नैतिक जबाबदारीही सांगणे माझे कर्तव्य आहे. या सर्व्हरवर कोणत्या संगणकाने कोणते नाव विचारले याची नोंद ठेवता येते. दुरुस्तीपुरती ती जरूर पाहावी. परंतु कोणी कोणते पान पाहिले याची चर्चा नाक्यावर होता कामा नये. एखादी मुलगी आजारपणाची माहिती शोधत असेल, एखादा तरुण नोकरी बदलण्याच्या विचारात असेल. ती त्यांची खाजगी बाब आहे. काम झाले की नोंद ठेवणे बंद करावे.

शेवटची विनंती मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आहे. अनेक संस्थांत सगळे परवलीचे शब्द एकाच तंत्रज्ञाच्या डोक्यात असतात. तो गाव सोडून गेला की संस्था स्वतःच्याच यंत्रापुढे परकी होते. असे होऊ देऊ नये. पत्त्यांची विभागणी, राखून ठेवलेले पत्ते, फाईलची छापील प्रत आणि केलेल्या प्रत्येक बदलाची तारीख एका वहीत असावी. परवलीचे शब्द पाकिटात बंद करून कपाटात ठेवावेत आणि किल्ली दोघांकडे असावी. दर वर्षी दोन नव्या मुला-मुलींना हे काम शिकवावे. शिकवताना मुद्दाम एक तार काढून ठेवावी आणि दोष त्यांनाच शोधू द्यावा. ऐकलेले विसरते, हाताने केलेले राहते.

ज्ञान कोणा एकाच्या मुठीत राहिले की इतरांना त्याच्या दारात उभे राहावे लागते, आणि ते चौघांत वाटले की कोणालाच कोणाची वाट पाहावी लागत नाही. संगणकाच्या जाळ्यालाही हेच लागू आहे. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता मी अभ्यासिकेत थांबणार आहे. ज्यांना शिकावयाचे आहे त्यांनी वही-पेन घेऊन यावे. संगणकाची पूर्वमाहिती असलीच पाहिजे असे नाही.